मुंगसावरचा आळ

कोल्हापूर जिल्ह्यात पंचगंगा आणि दूधगंगा यांच्यामधल्या ऊसपट्ट्यात, हुपरी, रेंदाळ, यळगूड, पट्टणकोडोली या गावांच्या मळ्यांत कोंबड्यांचा विषय निघाला की तीन गोष्टी हमखास ऐकायला मिळतात. रानात जनावर फार वाढले आहे, त्यामुळे मोकळ्या कोंबड्या आता परवडत नाहीत, ही पहिली. ते जनावर म्हणजे बहुधा मुंगूस, नाहीतर बाऊल म्हणजे रानमांजर, ही दुसरी. आणि मुंगूस मारल्याखेरीज, निदान सापळ्यात धरून लांब सोडल्याखेरीज कोंबडी राहत नाही, ही तिसरी. तिन्हींत थोडे थोडे खरे आहे, म्हणूनच त्या टिकून आहेत. पण तिन्ही मिळून जो निष्कर्ष निघतो तो चुकीचा आहे, आणि त्याची किंमत कोंबडी पाळणारी बाई आणि रान या दोघांनाही मोजावी लागते.

समोरच्याचे म्हणणे अर्धवट मांडून खोडणे सोपे असते. त्याने कुणाचे समाधान होत नाही. म्हणून आधी तेच पुरते मांडतो. गावरान कोंबडी वर्षाला साठसत्तर अंडी देते. त्यातली दहाबारा ठेवून खुडूक कोंबडी रवणाला बसवायची, एकवीस दिवस तिची उठबस सांभाळायची, नंतर पिल्ले तिच्या मागे फिरत असेपर्यंत ती पुन्हा अंड्यावर येत नाही हेही सोसायचे, आणि महिनाभराने तिच्या पायाशी दोनतीनच पिल्ले उरावीत, हा अनुभव परड्यात कोंबड्या पाळणाऱ्या जवळपास प्रत्येक बाईचा आहे. उसाचे बिल कारखान्याकडून घरच्या कर्त्याच्या खात्यावर जमा होते. अंड्याचे पैसे मात्र बाईच्या हातात राहतात. हुपरीत मजुरीवर चांदीच्या पैंजणाच्या कड्या जोडणाऱ्या कितीतरी घरांत त्या मजुरीखालोखाल हाच तिचा स्वतःचा पैसा. एका रात्रीत आठ कोंबड्या मेल्या तर तिचे चारसहा महिने गेले. तिला राग येणे साहजिक आहे, आणि जे जनावर डोळ्यांपुढे येईल त्याच्यावर तो निघणेही साहजिक आहे. शिवाय हा धंदा मोडकळीला आलेला नाही. 2019 च्या पशुगणनेत देशातल्या परसबागेतल्या कोंबड्यांची संख्या 31.7 कोटी निघाली, 2012 पेक्षा सुमारे 46 टक्क्यांनी जास्त. एकूण कोंबड्या त्याच काळात केवळ 17 टक्क्यांच्या आसपास वाढल्या. एवढा पसारा वाढत असताना त्याच्या राखणीचा विचार मात्र सापळा आणि विषापाशी थांबलेला आहे.

आता खंडन. सुरुवात वेळेपासून करावी लागते, कारण आरोपाचा पाया तिथेच खचतो.

आपल्याकडचे राखी मुंगूस दिवसा फिरणारे जनावर आहे. ऊन वर आले की ते बांधाबांधाने, कुंपणाच्या कडेकडेने हिंडते आणि अंधार पडताना बिळात शिरते. रात्री खुराड्यात जे घडते त्यात त्याचा हात नसतो. तरीही रात्री मेलेल्या कोंबड्यांचे खापर त्याच्यावर फुटते, आणि ते कसे फुटते हे समजण्यासारखे आहे. सकाळी खुराडे उघडावे तर आत मेलेल्या कोंबड्या. नेमक्या त्याच वेळी मुंगसाची फेरी सुरू झालेली असते, आणि मेलेले मांसही ते खाते. म्हणून ते तिथे दिसते. रात्रीचा खरा मारेकरी तोवर उसात जाऊन झोपलेला असतो. पंचतंत्राच्या पाचव्या तंत्राचे नावच ‘अपरीक्षितकारक’ आहे, आणि बाळाला सापापासून वाचवणारे मुंगूस तोंडाला लागलेल्या रक्तावरून मारले जाते ती गोष्ट त्याच तंत्रातली. ती लहानपणी सगळ्यांनी ऐकलेली असते. मोठेपणी काठी हातात घेताना ती आठवत नाही एवढेच.

मेलेल्या पक्ष्याकडे नीट पाहिले तर मारणारा कोण ते पुष्कळदा कळते. हे पाहणे अवघड नाही, पण ते कुणी शिकवत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो. पाचसहा कोंबड्या चावून, झिंजाडून टाकलेल्या, पिसे अंगणभर, आणि मांस फारसे खाल्लेलेच नाही, असे असेल तर पहिला संशय कुत्र्यावर घ्यावा. लहान पिल्ले रात्रीत एकेक करून नाहीशी होतात, भिंतीच्या कडेला ताजी उकरलेली माती आणि बीळ दिसते, एखाद्या पिल्लाचा पाय खालून ओढून कुरतडलेला असतो, तर ती घूस किंवा मोठा उंदीर. अंडी जागेवरून गेली आणि टरफलाचा तुकडाही मागे नाही, तर साप. तो अंडे अखंड गिळतो. एखादे पिल्लू मेलेले, पण डोके आणि मान ओली चिकट, म्हणजे सापाने गिळायला घेतले आणि जमले नाही म्हणून टाकले. एकच कोंबडी गायब, कुंपणापासून उसाच्या सरीपर्यंत पिसांचा माग, तर बाऊल किंवा कोल्हा. छपराच्या फटीतून, आढ्यावरून आत शिरल्याच्या खुणा असतील तर उदमांजर. ते चढण्यात पटाईत असते. दुपारी उघड्यावरून पिल्लू उचलले गेले आणि जमिनीवर काहीच खूण नाही, तर घार किंवा शिक्रा. अगदी लहान पिल्लू असेल तर कावळाही. दिवसाढवळ्या कुंपणालगत पिल्लू गेले, किंवा आडोशाला घातलेली अंडी फुटून टरफले तिथेच पडली आहेत, तर तिथे मात्र मुंगसाचे नाव घ्यायला हरकत नाही. मुंगूस निर्दोष आहे असे मी म्हणत नाही. त्याचा गुन्हा दिवसाचा, पिल्लाचा आणि अंड्याचा आहे. रात्री मारल्या गेलेल्या, अंडी देणाऱ्या आठ कोंबड्यांचा नाही. आणि बाईचे कंबरडे मोडते ते या दुसऱ्या नुकसानीने.

इथे आणखी एक समज आडवा येतो. जनावर कोंबड्यांचे नुसते रक्त पिऊन जाते, ते माजलेले असते, म्हणून त्याला मारलेच पाहिजे, असे सांगितले जाते. सगळ्या कोंबड्या मारायच्या आणि खायची एखादीच, याचा दुसरा अर्थ काय लावणार? अर्थ आहे, आणि तो शोधलेला आहे. हान्स क्रूक या प्राणिशास्त्रज्ञाने 1972 साली मांसभक्षक प्राण्यांच्या अशा जास्तीच्या हत्येवर निबंध प्रसिद्ध केला. इंग्लंडच्या किनाऱ्यावर जमिनीवर घरटी करणाऱ्या कुरव पक्ष्यांच्या वसाहतीत लाल कोल्हे शिरत आणि एका रात्रीत खाण्याच्या कितीतरी पट पक्षी मारून टाकत. पण हे रोज घडत नव्हते. अगदी काळोख्या रात्री घडे, जेव्हा पक्षी जागचे हलत नसत. शिकारी प्राण्याचा शोध भुकेने सुरू होतो. पण समोरच्या भक्ष्यावर झडप घालण्याची क्रिया पोट भरले म्हणून लगेच थांबत नाही. रानात ती थांबते, कारण एक मारला की बाकीचे पळून जातात. जिथे बाकीचे पळू शकत नाहीत तिथे ती चालूच राहते.

आता आपले खुराडे डोळ्यांपुढे आणा. कोंबडीला अंधारात जवळजवळ दिसत नाही. रात्री ती बसल्या जागी बसून राहते. तिला आपण चार भिंतींत कोंडतो आणि त्या भिंतींत जनावर शिरेल एवढी फट ठेवतो. कुरवांच्या वसाहतीला काळोखी रात्र लागत होती. आपण ती परिस्थिती रोज रात्री स्वतः तयार करतो. म्हणजे आठ कोंबड्या मरण्याला जनावराचा माज कारण नाही. बाहेर पडता येत नाही पण आत शिरता येते अशी जागा आपण बांधली, हे कारण आहे. उघड्या झाडावर बसलेल्या कोंबड्यांतली एखादीच जाते. सदोष खुराड्यातल्या सगळ्या जातात. माझ्या सगळ्या म्हणण्याचा कणा हाच आहे: कोंबडी रानात जात नाही, ती दारात जाते.

ही सदोष जागा आली कुठून? जुन्या घरांत कोंबड्या सोप्यात असत. तिन्हीसांजेला त्या आपल्या पायांनी येत, मोजून डालग्याखाली डालल्या जात आणि डालग्यावर दगड किंवा फुटका पाटा ठेवला जाई. माणसे चार हातांवर झोपलेली असत. नवी घरे सिमेंटची झाली, फरशी आली, सोपा गेला; घरात वास नको म्हणून कोंबड्या परड्याच्या टोकाला किंवा थेट मळ्यात गेल्या. डालण्याची रीत गेली, पण तिच्या जागी तितकी पक्की दुसरी रीत आली नाही. आले ते चार बांबू, हिरवी शेडनेट, वर पत्रा आणि दाराला सुतळी. शेडनेट उन्हासाठी असते. कुत्र्याचा दात तिला लागला की ती फाटते, घूस ती कुरतडते. बाजारात ‘चिकन जाळी’ म्हणून मिळणारी षटकोनी बारीक तारेची जाळी कोंबड्यांना आत ठेवायला पुरते. बाहेरच्याला बाहेर ठेवायला नाही. ज्या गावात चांदीच्या खोलीला दोनदोन कुलपे लागतात आणि चोर वाढले म्हणून कुणी चांदीचा धंदा सोडत नाही, त्या गावात कोंबडीच्या दाराला सुतळी पुरते हे कसे पटावे?

रानात जनावर वाढले, या पहिल्या विधानाकडे वळू. ऊस हे बारा-चौदा महिने उभे राहणारे दाट रान आहे. बाऊल, कोल्हा, मुंगूस यांना तिथे आडोसा मिळतो, पाण्याचे पाट मिळतात आणि उंदीर मिळतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात गळीत हंगाम सुरू झाला की एकेक फड रिकामा होतो आणि त्यातली सगळी वस्ती, शिकारी आणि उंदीर दोन्ही, बांधाकडे, ओढ्याकडे आणि वस्तीकडे सरकते. तोडीच्या दिवसांत जनावर जास्त दिसू लागते ते त्याचा आडोसा गेल्यामुळे. तेवढ्यावरून ते वाढले असे म्हणता येत नाही. याच महिन्यांत राखण कडक करायची हे त्यावरून निघते. त्यात कोंबडी कापल्यावरचा कचरा ओढ्यात, रस्त्याच्या कडेला टाकला जातो, मेलेली कोंबडी बांधावर भिरकावली जाते. त्यावर भटकी कुत्री, घारी, कोल्हे पोसले जातात आणि तिथून घराकडची वाट त्यांना कळते. मेलेला पक्षी चुना टाकून खोल पुरला पाहिजे, हे जनावर मारण्यापेक्षा स्वस्त आणि जास्त उपयोगी आहे.

आणि ही जनावरे उसात करतात काय? शोमिता मुखर्जी, एस. पी. गोयल, ए. जे. टी. जॉनसिंह आदी अभ्यासकांनी राजस्थानात सरिस्का इथे रानमांजर, शशकर्ण (कॅराकल) आणि कोल्हा यांच्या विष्ठेचा अभ्यास करून 2004 साली निष्कर्ष मांडले. रानमांजराच्या म्हणजे बाऊलाच्या आहारात उंदीरवर्गीय प्राण्यांचा वाटा फार मोठा निघाला. एक रानमांजर दिवसाला तीन ते पाच उंदीर खाते, म्हणजे वर्षाला हजाराहून अधिक, असा त्यांचा अंदाज आहे. सरिस्का म्हणजे हुपरी नव्हे, हे मला मान्य आहे. पण उसाचे बुडखे कुरतडणारा उंदीर इथे मुबलक आहे आणि बाऊलाचे पोट दोन्हीकडे सारखेच. वर्षाकाठी दोन कोंबड्या नेणारे बाऊल मारले तर हजार उंदरांना मोकळीक मिळते, आणि त्यातलेच काही पिल्लांच्या डालग्याखाली बीळ काढतात. हा हिशेब मांडणारा मला अजून भेटलेला नाही.

इथे जाणता वाचक एक जोरदार आक्षेप घेईल, आणि तो घेतलाच पाहिजे. उंदीर खातो म्हणून शिकारी प्राण्याला डोक्यावर घेण्याचा प्रयोग जगात झाला आहे, तोही उसातच, आणि तो फसला आहे. 1872 साली विल्यम बँक्रॉफ्ट एस्पूट या मळेवाल्याने कलकत्त्याहून नऊ मुंगसे जमैकाला नेली. उसातले उंदीर खावेत म्हणून. पहिली काही वर्षे उंदीर कमी झाल्याचे कौतुक झाले, मुंगसांची पिलावळ इतर बेटांवर गेली, 1883 मध्ये हवाईलाही पोहोचली. नंतर तीच मुंगसे जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांच्या, सरड्यांच्या आणि कोंबड्यांच्या मुळावर आली. मग मुंगसाची वकिली कशी करायची?

याचे उत्तर दोन भागांत आहे. उंदीर बहुतांशी रात्री फिरतो आणि मुंगूस दिवसा, त्यामुळे मुंगसाच्या भरवशावर उसातले उंदीर संपतील ही अपेक्षाच मुळात चुकीची होती. म्हणून उंदरांचा हिशेब मी मुंगसाच्या नावावर न मांडता बाऊल, कोल्हा आणि गव्हाणी घुबड यांच्या नावावर मांडतो. दुसरे असे की, जमैकात आणि हवाईत मुंगूस माणसाने नेऊन सोडलेले, परके होते. तिथल्या पक्ष्यांना तसल्या शत्रूची सवयच नव्हती. इथे मुंगूस, नाग, घोरपड, रानकोंबडा हे सगळे एकमेकांना ओळखून हजारो वर्षे राहिले आहेत. जमैकाच्या गोष्टीतून एवढेच सिद्ध होते की एखादा शिकारी प्राणी उचलून दुसरीकडे टाकला की घडी विसकटते. इथला प्राणी इथून उचलून टाकला तरीही ती विसकटते. जमैकाचे उदाहरण मुंगसाच्या विरोधात जाते त्याहून जास्त ते सापळा लावून लांब सोडण्याच्या सल्ल्याच्या विरोधात जाते.

त्या सल्ल्यात आणखीही दोष आहेत. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात मुंगूस, रानमांजर, कोल्हा, घोरपड ही सगळी संरक्षित जनावरे आहेत, आणि त्या कायद्यात शिकार म्हणजे नुसते मारणे नव्हे. पकडणे आणि सापळा लावणेही तीत येते. ब्रशसाठी केस हवेत म्हणून मुंगसाची आधीच मोठी चोरटी शिकार होते. शिवाय रिकामी झालेली जागा रिकामी राहत नाही. एका कोल्ह्याचा इलाका मोकळा झाला की शेजारचा तरणा कोल्हा तिथे येतो; खुराड्याची फट तशीच असेल तर त्यालाही ती सापडते. विषाविषयी तर बोलायलाच नको. उसाला टाकायचे फोरेट मांसात कालवून ठेवण्याची दुष्ट पद्धत गावोगावी माहीत आहे. सरकारने या औषधावर 31 डिसेंबर 2020 पासून बंदी घातली, तरी जुने डबे आणि जुनी सवय शिल्लक आहे. ते मांस कुत्रा खातो, घार खाते, घुबड विषबाधा झालेला उंदीर खाते, आणि कोंबडी त्याच मातीत चोच मारते.

या वादात दुसऱ्या टोकाचेही एक मत आहे आणि ते शिकल्यासवरल्या तोंडून येते. मोकळे पालन सोडा, सगळे बंदिस्त करा, वनराज, गिरिराज या सुधारित जाती घ्या आणि पोत्यातले खाद्य घाला. हे मत कोंबडी वाचवते पण धंदा बुडवते. परसातली कोंबडी परवडते ती किडे, दाणे, उष्टे-खरकटे, कोवळा पाला टिपून निम्मे पोट स्वतः भरते म्हणून. सगळे खाद्य विकत घेऊन दहा कोंबड्या पाळणाऱ्या बाईला व्यापारी पोल्ट्रीशी स्पर्धा करता येणार नाही. गंमत म्हणजे हैदराबादच्या कुक्कुट संशोधन केंद्रात वनराज तयार केला तो परसात मोकळा फिरण्यासाठीच: रंगीत पिसारा, लांब पाय, अंगाने हलका, म्हणजे शत्रूला चटकन दिसू नये आणि दिसला तर पळता यावे. त्याला पिंजऱ्यात बसवणे म्हणजे ज्या कामासाठी तो घडवला तेच काढून घेणे.

तेव्हा माझी बाजू अशी: दिवसा मोकळे, रात्री पक्के. यात नवे काही नाही. डालगे आणि सोपा यांची जुनी रीतच नव्या साहित्यात उभी करायची आहे. रात्रीचे घर जमिनीपासून दोन-अडीच फूट उंच खांबांवर असावे, म्हणजे खालून बीळ काढता येत नाही. खांबांना गुळगुळीत पत्र्याची पट्टी गुंडाळली की उंदीर आणि साप यांना चढणे अवघड जाते. जाळी वेल्ड केलेली, अर्ध्या इंचाची. एक इंचातून मुंगसाचे पिल्लू आणि उंदीर सहज आत येतात, अर्ध्यातून बहुतेकांना येता येत नाही. उंच घर जमत नसेल आणि जमिनीवरच बांधायचे असेल तर जाळी फूटभर खाली पुरून बाहेरच्या बाजूला तितकीच आडवी वळवून मातीखाली दाबावी. उकरणारे जनावर भिंतीच्या अगदी बुडाशी उकरते, दोन फूट मागे सरकून उकरावे हे त्याला सुचत नाही. तिथे पंजाला जाळी लागली की ते सोडून देते. छप्पर आणि भिंत यांच्यामधली फट बंद हवी. दाराला दोन कड्या, एक वर आणि एक खाली. आतल्या दांड्या एकाच उंचीवर, नाहीतर वरच्या जागेसाठी कोंबड्या रात्रभर भांडतात. दार दिवे लागायच्या आत बंद आणि ऊन पडल्यावर उघडे. पहाटेच्या झुंजुमुंजूला उघडले तर बाऊल अजून परतलेले नसते.

दिवसाची राखण वेगळ्या प्रकारची. घार आणि शिक्रा यांच्यासाठी वर आडोसा हवा, तर बाऊल आणि मुंगूस यांच्यासाठी जमिनीवर मोकळे हवे; या दोन गरजा एकमेकींविरुद्ध जातात आणि बहुतेक सल्ले इथेच गोंधळतात. आडोसा खुराड्याजवळ आणि मोकळीक उसाजवळ, असा त्यातून मार्ग निघतो. घराला लागून शेवगा, केळी, पपई, तुरीच्या दोनचार ओळी असाव्यात. आकाशात सावली दिसली की चार उड्यांत कोंबडी त्याखाली पोहोचते. उसाच्या कडेची वीसपंचवीस फुटांची पट्टी मात्र साफ ठेवावी. दबा धरणारे जनावर उघड्यावर यायला कचरते, आणि आले तर दिसते. अंडी घालायला खुराड्यातच पेंढा घातलेल्या अंधाऱ्या पाट्या ठेवल्या की कोंबड्या सरीत जाऊन अंडी घालत नाहीत, आणि मुंगसाला उसापासून परड्यापर्यंतची ती वाट लागत नाही. पिल्लांना सहासात आठवडे मोकळे सोडूच नये. वरून जाळी असलेल्या फिरत्या चौकटीत ठेवावे आणि ती रोज नव्या गवतावर सरकवावी.

कोंबडा कापून खाण्याआधी त्याच्या कामाचाही विचार व्हावा. ख्रिस्टोफर एव्हन्स आणि पीटर मार्लर यांनी 1990 च्या दशकात प्रयोगांतून दाखवले की कोंबडा आकाशातल्या शत्रूसाठी एक आवाज काढतो आणि जमिनीवरच्या शत्रूसाठी दुसरा. नुसता ध्वनिमुद्रित आवाज ऐकवला तरी कोंबड्या पहिल्याला दबून आडोशाकडे पळत आणि दुसऱ्याला मान ताठ करून चौफेर पाहत. शिवाय जवळ कोंबड्या असल्या की कोंबडा हा इशारा जास्त देतो. घरात भाकरी थापणाऱ्या बाईला हे दोन्ही आवाज आतूनच ओळखू येतात. ती उठून बाहेर येते ते उगीच नाही. दहा कोंबड्यांमागे एक जाणता, वयाने मोठा कोंबडा ठेवणे ही राखण आहे, चैन नव्हे.

कुत्र्याच्या बाबतीत मात्र जपून बोलले पाहिजे. ऑस्ट्रेलियात वॉर्नम्बूलजवळच्या मिडल आयलंडवर कोल्ह्यांनी छोट्या पेंग्विनांची वसाहत जवळजवळ संपवली होती. 2006 पासून तिथे मारेम्मा जातीचे राखणे कुत्रे ठेवले गेले आणि वसाहत सावरली. ही कल्पना सुचवली ती मोकळ्या कोंबड्या पाळणाऱ्या एका शेतकऱ्याने, जो असेच कुत्रे आपल्या कोंबड्यांसाठी वापरत होता. पण 2017 साली समुद्र खवळल्यामुळे कुत्रे काही काळ बेटावर नेता आले नाहीत, तेव्हा कोल्ह्यांनी सुमारे 140 पेंग्विन मारले. राखण होते ती कुत्रा तिथे असेपर्यंत, आणि तोही पिल्लू असल्यापासून त्या पक्ष्यांत वाढलेला असेल तर. पट्टणकोडोलीच्या बिरदेवाच्या यात्रेला येणाऱ्या धनगरांचे कुत्रे मेंढरांत असेच वाढतात. साखळीने बांधलेला किंवा रात्री गावभर फिरून येणारा कुत्रा ही राखण नव्हे. कोंबड्यांवर पहिला दात पुष्कळदा त्याचाच पडतो.

शेवटची गोष्ट वरवर विषयाबाहेरची वाटेल, पण माझ्या मते ती सगळ्यांत वजनदार आहे. परसातल्या कोंबड्यांचा कळपच्या कळप नेणारा शत्रू चार पायांचा नाही. तो राणीखेत, आपल्याकडची मानमोडी. 1927 च्या सुमारास कुमाऊँतल्या राणीखेत इथे हा रोग ओळखला गेला म्हणून ते नाव. मानमोडीने लुळी पडलेली कोंबडी दिवसाउजेडी कुणाच्याही तावडीत सापडते. मुंगूस तिला ओढताना दिसते आणि दोष त्याच्या नावावर लिहिला जातो. पहिल्या आठवड्यात लासोटा लसीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकात, आणि आठदहा आठवड्यांच्या सुमारास पंखाखाली आरटूबी लस, एवढ्याने हे मरण बहुतांशी टळते. लसीच्या कुपीत अनेक पक्ष्यांपुरती मात्रा असते आणि फोडली की ती काही तासांत संपवावी लागते, म्हणून दहा कोंबड्यांची बाई ती आणत नाही. गल्लीतल्या दहा घरांनी एकच दिवस ठरवला तर तीच कुपी सगळ्यांना पुरते.

कोल्हापुरात सरकारचे मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र आहे. तिथून पिल्ले जिल्हाभर जातात. तिथल्या आणि तालुक्याच्या पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांकडे माझे दोनच आग्रह आहेत. एकदिवशी पिल्लू थेट परड्यात देऊ नये. चार आठवडे सांभाळून, लस देऊन, मग द्यावे. आणि पिल्ले हातात देण्याआधी त्या घरचे रात्रीचे खुराडे कुणीतरी जाऊन पाहावे: जाळी किती इंचाची आहे, बुडाशी काय पुरले आहे, दाराला कडी आहे की सुतळी.